उरेल तेवढा रॉड

त्या मंगळवारी संध्याकाळी त्याने मला आकडा सांगितला होता, एवढं नक्की आठवतं. बेसिनपाशी उभा राहून तो हात धूत होता. वर्कशॉपमधून आल्यावर त्याला हात धुवायला दहा मिनिटं लागत. आधी भांड्यांची पावडर, मग साबण, मग नखांसाठी जुना टूथब्रश. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "ठरलं एकदाचं. रॉड..." आणि पुढे एक संख्या. मी गॅलरीच्या दारात पुस्तक घेऊन बसले होते. प्रकरण संपायला दोन-अडीच पानं राहिली होती. "हं. बरं झालं," असं म्हणून मी पान उलटलं.

गुरुवारी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात मला फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ते पान मला आजही डोळ्यांपुढे आणता येतं. डाव्या बाजूचं पान, खालून तिसऱ्या ओळीत नवा परिच्छेद सुरू होतो. संख्या मात्र आठवत नाही.

माझा नवरा एका तंत्रशाळेत यंत्रकाम शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळा सुटली की उरण नाक्याजवळच्या एका गाळ्यात जायचा. गाळा त्याचा आणि भाईंचा. भाई मूळचे पनवेलचेच. तरुणपणी बारा वर्षं आखातात मशीनशॉपमध्ये काढून ते परत आले आणि त्यांनी एक जुनं लेथ विकत घेतलं. पोटासाठी ट्रकचे आणि मच्छीमार बोटींचे भाग दुरुस्त करायचे. दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र दोघं मिळून शर्यतीच्या मोटारसायकलचं एखादं इंजिन बांधायचे. ते काम हौसेचं. अशी अकरा इंजिनं त्यांनी बांधली. बारावं अर्धवट राहिलं होतं.

प्रत्येक इंजिनाची एक वही असे आणि ती वही मी लिहायची, असा आमच्याकडे रिवाज पडून गेला होता. त्याचे हात कायम तेलकट. लग्नाआधी तो आमच्या ग्रंथालयातून यंत्रशास्त्राची पुस्तकं न्यायचा आणि परत आणायचा तेव्हा पानांच्या कडांवर अंगठ्याचे काळे ठसे असायचे. "हात धुऊन वाचत जा," असं मी एकदा सुनावलं होतं, तर म्हणाला, "मग वाचायचं कधी?" लग्नानंतर दर रविवारी सकाळी मी डबा घेऊन गाळ्यात जायचे. खिडकीखालच्या लाकडी खोक्यावर बसायचे. तो मोजायचा, मोठ्याने सांगायचा, मी उतरवून घ्यायचे आणि शेवटी परत वाचून दाखवायचे. आकडे, त्यामागची कारणं, मध्येच भाईंशी झालेलं भांडण, सगळं. तीस वर्षं हे चाललं. अर्थाशी माझा फारसा संबंध नव्हता. अक्षर नीट यावं, आकड्यांचे रकाने सरळ उतरावेत, एवढीच माझी काळजी. त्याला ते आवडायचं. वही हातात घेऊन तो कधी कधी नुसताच बघत बसायचा.

बारावं इंजिन गव्हाणच्या एका गृहस्थासाठी होतं. पस्तिशीतला, बंदरावर ट्रेलर चालवणारा, अंगाने चांगला भरलेला माणूस. चारशे मीटरच्या सरळ शर्यतीत जुन्या एक-सिलिंडर गाड्यांचा एक गट असतो, त्यात तो उतरायचा. त्याच्या गाडीच्या सिलिंडरची भिंत आधीच इतकी पातळ झाली होती की बोर, म्हणजे आतला व्यास, वाढवायला जागाच नव्हती. ताकद वाढवायची तर एकच वाट उरली होती, पिस्टनची खाली-वर होणारी धाव लांबवायची. धाव म्हणजे स्ट्रोक. मूळचा नव्वद मिलिमीटर, तो शंभर करायचा. त्यासाठी लागणारा क्रँक, पिस्टनची धाव ठरवणारा फिरता दांडा, तयार होऊन आला होता, कापडात गुंडाळून फळीवर ठेवला होता. राहिल्या होत्या दोनच गोष्टी, पिस्टन आणि त्याला क्रँकशी जोडणारा रॉड. रॉड किती लांब, पिस्टन कसा, हे ठरलं की इंजिन पुरं होणार होतं.

तो गेल्यानंतर महिन्याभराने भाई घरी आले. विचुंब्याला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. भाईंना गुडघ्यांचा त्रास, जिने चढून ते बराच वेळ नुसते बसून राहिले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "भाभी, जल्दी काही नाही. पण एक विचारायचं होतं. बुधवारी मास्तर गाळ्यात आले तेव्हा लई खुशीत होते. म्हणाले, ठरलं. मी म्हटलं, किती? तर म्हणाले, घरी सांगून ठेवलंय, वहीत आलं असेल. रविवारी बघू."

वही समोरच्या फळीवर होती. भाईंच्या डोक्याच्या बरोबर मागे.

"बघते," मी म्हणाले. "कुठे ठेवलीय ती मिळाली की सांगते."

एवढं एक वाक्य. पण ते एकदा तोंडातून गेलं आणि मग मला ते परत घेता येईना. वहीत आलं असेल, असं तो म्हणाला होता. त्याला खात्री होती. तीस वर्षांत त्याने सांगितलेली एकही संख्या माझ्याकडून सुटली नव्हती, आणि जी सुटली ती शेवटची.

गव्हाणचा तो दर दोन महिन्यांनी यायचा. एकदा जिताडा घेऊन आला, मीच साफ करून देतो म्हणाला आणि खरंच ओट्यापाशी उभा राहून साफ करून दिला.

"वयनी, वही गावली का?"

"अजून नाही."

"घाई नाय. या सीझनला नाय तर पुढच्या. मास्तरांचं इंजिन हाय, थांबलं तरी चालंल." मग जरा वेळाने, "दुसरा एक जण बोलतो, मी करून देतो. आमी नाय बोललो."

तो गेल्यावर मला मासा शिजवायचंही सुचलं नाही. शेजारच्या घरी देऊन टाकला.

आठवण्याचे मी सगळे प्रयत्न केले. बेसिनचा नळ सोडला, गॅलरीच्या दारात तसंच बसून पाहिलं. एकेक संख्या मनात म्हणून पाहिली. एकशे पासष्ट. एकशे सत्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. वाटलं होतं, एखादी बरोबर बसेल. सगळ्याच त्याच्या आवाजात ऐकू आल्या. अगदी त्याच्या चढवलेल्या आवाजात, नळाच्या पाण्यावरून. मग मी नळ बंद केला.

शेवटी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाराही वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. आकडा कुठेतरी सापडेल, निदान तो कसा ठरवतो ते तरी कळेल, या आशेने. विचित्र वाचन होतं ते. अक्षर सगळं माझं आणि मजकूर मला अनोळखी. "गजनपीन सव्वा मिलिमीटर वर घेतली, भाई नाराज." हे मी कधी लिहिलं? त्या दिवशी डब्यात काय होतं, कुठली साडी होती, हे सांगता आलं असतं. पण गजनपीन म्हणजे पिस्टनमधून आडवी जाणारी, रॉडचं वरचं टोक धरून ठेवणारी पीन, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माझ्याच वहीतून कळत होतं.

हळूहळू हिशेब उमगला. तो खरं तर चौथीतल्या मुलाला येईल इतका सोपा आहे. क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या वरच्या काठापर्यंत जी उंची असते ती ठरलेली. या इंजिनात दोनशे पंचावन्न मिलिमीटर. त्या उंचीत तीन गोष्टी बसवायच्या: अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिनेपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. स्ट्रोक शंभर, म्हणजे त्यातले पन्नास गेले. उरले दोनशे पाच. ते रॉड आणि पिस्टन यांनी आपसांत वाटून घ्यायचे. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी.

रॉड आखूड ठेवला तर पिस्टन उंच आणि दणकट होतो, पण आखूड रॉड जास्त तिरका होतो आणि प्रत्येक धावेला पिस्टनला भिंतीवर दाबतो. भिंत एका अंगाने झिजते. रॉड लांब घेतला तर तो सरळ चालतो, पिस्टन माथ्यावर जरा जास्त रेंगाळतो, तोवर स्फोटाचा जोर नीट भरतो. पण मग पिस्टन बुटका करावा लागतो आणि पीन वर सरकत सरकत पिस्टनभोवतीच्या रिंगांमध्ये घुसते.

दोन्हीकडची फजिती वह्यांमध्ये होती. सातव्या वहीत भाईंच्या आग्रहाने आखूड रॉड घेतलेला. दोन शर्यतींत सिलिंडर अंड्यासारखं लांबट झालं. तिथे मी लिहिलं होतं, "भाई म्हणतात तेल चुकीचं. मी म्हणतो भाई चुकीचे." नवव्या वहीत उलट. त्याने हट्टाने सगळ्यात लांब रॉड घेतला, पीन तेलाच्या, म्हणजे तेल खरवडणाऱ्या, रिंगेच्या खाचेत गेली, रिंग टिकली नाही आणि गाडी सुरू झाली की मागे निळ्या धुराचा लोट. गव्हाणचा गृहस्थ तेव्हाही गाळ्यात यायचा, त्याने त्या इंजिनाला अगरबत्ती असं नाव दिलं होतं. तेही वहीत होतं, कारण माझ्या नवऱ्याने हसत हसत तेही उतरवून घ्यायला लावलं होतं. ती सकाळ मला एकदम आठवली. भाई हसून हसून खाली बसले होते, आणि मी अगरबत्ती हा शब्द आकड्यांच्या रकान्यात कुठे बसवायचा या विवंचनेत होते. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तो कसा हसत होता ते मला वहीवरून कळतं, डोळ्यांपुढे येत नाही.

बाराव्या वहीत तीन आकडे होते, एकाखाली एक. एकशे पासष्ट, पीन चाळीसवर. एकशे सत्तर, पीन पस्तीसवर. एकशे अठ्ठ्याहत्तर, पीन सत्तावीसवर. त्याखाली पान कोरं.

आणखी एक साक्षीदार घरातच होता. पिस्टनचे कच्चे घडीव गोळे तो नेहमी दोन मागवायचा. दोन मागवायचे, एक कापायचा. करवतीने उभा चिरून आतली धातूची जाडी बघायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. भाई दर वेळी म्हणायचे, "एका पिस्टनचा खून करून दुसऱ्याची तब्येत बघणारे हे आमचे हकीम." या वेळचा अर्धा चिरलेला गोळा आमच्या पुस्तकांच्या फळीवर पुस्तकांना टेकण म्हणून उभा होता. मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. कापलेल्या चकचकीत अंगावर त्याने सुईने तीन बारीक रेघा ओढल्या होत्या. पिनेच्या तीन जागा. एखाद्या रेघेवर पंच ठोकून केलेला ठिपका असला तर तीच ठरलेली, हे मला आता कळत होतं. मी भिंग आणलं.

ठिपका तिन्ही रेघांवर होता.

तेव्हा मला हसू आलं. घरात एकटीच असताना मोठ्याने हसले. मग बराच वेळ तो थंड अर्धा गोळा मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी गाळ्यात गेले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. पिशवीत बारावी वही आणि अर्धा पिस्टन. भाई बोटीच्या पंख्याचा दांडा लेथवर लावून उभे होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले, माझं खोकं फडक्याने झटकलं.

"वही मिळाली?"

"वही हरवली नव्हतीच, भाई. घरीच होती. त्यात आकडा नाही."

भाईंनी हातातलं फडकं लेथवर ठेवलं.

"त्याने मला सांगितला होता. मी वाचत होते. हं म्हणाले. ऐकलं नाही." मी पिशवी खाली ठेवली. "चौदा महिने तुम्हाला बघते, शोधते म्हणून सांगत राहिले. शोधायला काही नव्हतंच."

भाईंनी स्टूल ओढून घेतलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता रागावतील. तसे ते रागीट.

"भाभी," ते म्हणाले, "एक सांगू? मी तरी कुठे ऐकायचो? मास्तरांचं बोलणं सुरू व्हायचं तेव्हा माझं लेथ सुरू असायचं. मी मान हलवायचो. तीस साल मान हलवली."

"मग काम कसं करायचात?"

"तुमची वही बघून! एकदम साफ अक्षर. म्हटलं, भाभीने लिहून घेतलंय ना, मग मी कशाला कान फोडून घेऊ."

आम्ही दोघंही हसलो. मग हसणं थांबलं. समोरच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक जात होते, गाळ्याचं शटर हादरत होतं.

"म्हणजे माणूस एकटाच बोलत होता," भाई म्हणाले.

मी मान खाली घातली. हे मला गेले कित्येक महिने माहीत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची तयारी नव्हती.

भाई उठले. "मग आता? मला विचाराल तर एकशे सत्तर. मूळ इंजिनाचं तेच माप आहे. रॉड लगेच मिळेल, पीन पाच वर घ्यायची, सीधी बात."

"आधी पिस्टनला विचारू," मी म्हणाले.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौथ्या वहीतलं वाक्य होतं ते. 'लोक रॉड निवडतात आणि मग पिस्टनला दाबून बसवतात. आधी पिस्टनला विचारायचं, तुला जगायला किती जागा लागते. उरेल तेवढा रॉड.' सुबक अक्षरात लिहिलेलं, खाली रेघसुद्धा मारलेली. जवळजवळ दोन तपं ते माझ्या घरात पडून होतं.

"मास्तरीणबाई बोलायला लागल्या," भाई म्हणाले आणि त्यांनी मापं घ्यायचं व्हर्निअर काढलं.

मी सांगत गेले, ते मोजत गेले. माथ्यापासून पहिल्या रिंगेपर्यंत सहा मिलिमीटर. रिंग दीड. मधली पट्टी साडेतीन. दुसरी रिंग दीड. पट्टी तीन. मग तेलाची रिंग, चार. बेरीज साडेएकोणीस. इथपर्यंत पिस्टनच्या माथ्याचं राज्य, इथे पिनेने यायचं नाही. पीन एकोणीस मिलिमीटर जाड, म्हणजे तिच्या मध्यापासून वर साडेनऊ. रिंगेची खाच आणि पिनेचं भोक यांच्या मध्ये किती धातू ठेवायचा, एवढाच प्रश्न राहिला.

"दोन?" मी विचारलं.

"दोन ठेवलं तर गरमीत चिरेल. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, पाणी नाही त्याला."

"मग चार?"

"चारवर का थांबायचं? मी तर सहा म्हणेन. सत्तरचा रॉड घेतला की सहा मिळतात, रात्री झोप लागते. मास्तर अडीच म्हणाले असते." भाई थांबले. "मग मी शिव्या घातल्या असत्या. मग ते तीनवर आले असते आणि म्हणाले असते, बघा, तुमचं ऐकलं."

"तीन," मी म्हणाले.

"माझं ऐकून?"

"तुमचं ऐकून."

साडेएकोणीस, तीन आणि साडेनऊ. बत्तीस. पीन माथ्यापासून बत्तीसवर. दोनशे पाचमधून बत्तीस गेले, उरले एकशे त्र्याहत्तर. वहीतल्या तिन्ही आकड्यांत हा नव्हता. भाईंनी दोनदा बेरीज करून पाहिली. मी वही उघडली आणि त्या कोऱ्या पानावर लिहिलं.

रॉड कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातून यायला दोन महिने लागले. पिस्टनला भोक पाडायच्या दिवशी भाईंनी मला बोलावून घेतलं. न कापलेला गोळा एकच होता. चुकलं तर दुसरा नाही. त्यांनी गोळा मशीनवर बांधला, माथ्यापासून माप घेतलं, डायलची सुई शून्यावर आणली, परत माप घेतलं.

"बोला," ते म्हणाले.

"बत्तीस."

"मोठ्याने. मशीन सुरू आहे."

"बत्तीस!"

टूल धातूत शिरलं. पांढऱ्या चकचकीत किसाच्या गुंडाळ्या खाली पडत राहिल्या. मला एवढंच कळत होतं की वहीतल्या तिन्हींपैकी प्रत्येक जागा आता कायमची जात होती. पासष्ट गेला. सत्तर गेला. अठ्ठ्याहत्तर गेला. त्यातला जो त्याचा होता तोही गेला. थांबवा, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

इंजिन बांधून झालं त्या दिवशी गव्हाणचा गृहस्थ टेम्पो घेऊन आला. इंजिनाभोवती एक फेरी मारून त्याने त्याच्यावर हात ठेवला.

"मास्तरांनी सांगितलेलं तसंच ना?"

"तसंच, तसंच," भाई घाईने म्हणाले. "वहीत बघून. तू आधी तुझं पोट कमी कर, तुझं वजन ओढायला वेगळा रॉड लागतो."

"माझ्या पोटाचं नका काढू, भाई. ते बी लांब स्ट्रोकचं हाय."

भाई माझ्यासाठी खोटं बोलले होते. मला ते तसंच राहू देता आलं असतं. तो समाधानाने इंजिन घेऊन गेला असता.

"तसं नाही," मी म्हणाले. "त्यांनी आकडा सांगितला होता, तो मी ऐकला नाही. हा आम्ही दोघांनी काढलाय. मी आणि भाईंनी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भाईंकडे. भाई नटबोल्टच्या डब्यात काहीतरी शोधू लागले.

"म्हंजे मास्तरांचं इंजिन नाय."

"क्रँक त्यांचा. पिस्टनची रीत त्यांची. आकडा आमचा. नको असेल तर तसं सांग."

त्याने डोकं खाजवलं. "आन फुटलं तर कोणाला बोलायचं?"

"मला."

"मंग बरं हाय. मास्तरांना काय बोलायची सोय नव्हती. उलट आमालाच ऐकवायचे." त्याने टेम्पोचा फाळका पाडला. "धरा भाई. वयनी, तुमी बाजूला व्हा, पायावर येईल."

पहिल्या काही धावांनंतर इंजिन उघडून बघायचं, हाही माझ्या नवऱ्याचाच नियम. गव्हाणचा गृहस्थ तीन रविवार गाडी पळवून आला. चौथ्या रविवारी भाईंनी हेड काढलं, सिलिंडर वर उचललं, पिस्टन सोडवून फडक्यावर ठेवला. मी वही घेऊन बसले होते, पण या वेळी आधी उठले आणि जवळ जाऊन पाहिलं. पिस्टनच्या दोन्ही अंगांना घासल्याच्या फिकट खुणा होत्या, दोन्हीकडे जवळपास सारख्या. भिंत गुळगुळीत होती. तेलाच्या रिंगेखालची ती तीन मिलिमीटरची पट्टी भिंगातून इकडून तिकडे तपासली. कुठेही चीर नव्हती.

"धूर?" भाईंनी विचारलं.

"नाय," गव्हाणचा म्हणाला. "आन वरती लय मोकळं चालतंय. आधी असं नव्हतं."

भाई माझ्याकडे बघून हसले. "पास झालात, भाभी."

मी मान हलवली. आकडा चालला, हे पिस्टन सांगत होता. तो माझ्या नवऱ्याचा आकडा होता का, त्याच्याजवळ याहून बरा होता का, यातलं काही पिस्टनला सांगता येत नव्हतं. त्याने हा बघून काय म्हटलं असतं? एकशे त्र्याहत्तर, हे काय माप झालं, असं म्हणून तो नक्की भांडला असता. अर्धा तास कारणं सांगितली असती, भिंतीचा कोन, पिनेचं वजन, भाईंचा भित्रेपणा. मला त्यातलं आता बरंचसं कळलं असतं. मी मध्येच त्याला अडवून, "पण मग तेलाच्या रिंगेचं काय?" असं विचारलं असतं. तो थांबला असता. तीस वर्षांत मी त्याला एकदाही प्रश्न विचारून थांबवलं नव्हतं. तो कसा थांबला असता, कुठे बघितलं असतं, मला काही केल्या कळत नाही.

"बंद करू?" भाईंनी विचारलं. सिलिंडर त्यांच्या हातात होतं. "धूळ बसते."

"थोडा वेळ राहू दे उघडं," मी म्हणाले.

त्यांनी सिलिंडर खाली ठेवलं, पिस्टनवर एक स्वच्छ फडकं अंथरलं आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.